मागून घेतलेली

गगनबावड्याहून कोल्हापूरला येणाऱ्या एसटीत बाबांनी मला खिडकीशी बसवलं होतं. मी नऊ वर्षांची होते. आई गेली त्याला एक पावसाळा उलटला होता. बाबा बांधकाम खात्यात रस्त्याच्या कामावर मुकादम होते. घाटात दरड कोसळली की ते दिवस दिवस घरी यायचे नाहीत आणि मी सरकारी क्वार्टरमध्ये एकटी असायचे. शेजारच्या काकू जेवायला घालायच्या. म्हणून मला कोल्हापूरला त्यांच्या थोरल्या बहिणीकडं, माझ्या आत्तीकडं, ठेवायचं ठरलं होतं. मला एवढंच माहीत होतं.

कळे गावाच्या पुढं कुठंतरी बाबा पहिल्यांदा बोलले. माझ्याकडं न बघता, पुढच्या सीटच्या पाठीकडं बघत म्हणाले, "आत्तीला त्रास द्यायचा न्हाय. तिच्या हाताखाली काम करायचं. तिथं कुणाला जड व्हायचं न्हाय बघ."

मी मान हलवली. रंकाळा स्टँड येईपर्यंत मी मनातल्या मनात मला काय काय काम येतं ते आठवत राहिले. केर काढता येतो. तांदूळ निवडता येतात. चहा येतो, पण स्टोव्हला हात पुरत नाही.

आत्ती दवाखान्यात सिस्टर होती. ड्यूटीवरून तशीच, पांढऱ्या साडीत, स्टँडवर आली होती. तिचा नवरा लवकर गेला होता आणि माझ्याहून लहान एक मुलगी होती, ती तिच्या पदराला धरून उभी होती. बाबांना परतीची गाडी धरायची होती. त्यांनी माझी पिशवी आत्तीच्या हातात दिली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. आत्तीनं आम्हा दोघींना थेट गंगावेशीच्या कट्ट्यावर नेलं. तिथं म्हशी उभ्याच होत्या. समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास तिनं माझ्या हातात दिला. एवढा भरलेला ग्लास मला एकटीला कधी मिळाला नव्हता. मी अर्धा प्यायले आणि उरलेला तिच्याकडं परत केला.

"संपव की. आवडत न्हाय?"

"आवडतं."

"मग?"

तिनं तो ग्लास परत माझ्या हातात दिला आणि संपेपर्यंत तिथंच उभी राहिली.

त्या घरात मला कुणी कधी वाईट बोललं नाही, हे आधीच सांगते. त्यामुळं माझं दुःख सांगायला मला नेहमी लाज वाटत आली. आत्ती उठायच्या आधी मी उठायचे. पाणी भरून ठेवायचे, बंब पेटवायचे, आत्तेबहिणीचं दप्तर भरायचे. आत्ती म्हणायची, "अगं, बस की जरा. दिवसभर काय करालीस?" मी हसून पुढच्या कामाला लागायचे. एकदा अंगात ताप होता तरी मी अंगण झाडत होते. तिनं हात लावून बघितला, केरसुणी काढून घेतली आणि मला उचलूनच आत नेलं. दोन दिवस ती कामावर गेली नाही. त्या दोन दिवसांत मला तापापेक्षा जास्त भीती या गोष्टीची वाटत होती, की आता मी जड झाले.

रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आल्यावर जेवणं व्हायची आणि आत्ती भिंतीला टेकून पाय पसरून बसायची. तिची मुलगी येऊन सरळ तिच्या मांडीवर डोकं ठेवायची. विचारायची नाही. काही केलेलं नसायचं तिनं, उलट ताटसुद्धा उचललेलं नसायचं. आत्ती तिच्या केसांत बोटं फिरवत राहायची आणि दोघी कशावरून तरी हसायच्या. मी भांडी हातात घेऊन दारात उभी राहून ते बघायचे. आत्ती म्हणायची, "ये की तूही." मी म्हणायचे, "भांडी व्हायचीत अजून."

त्या मांडीची मला किती ओढ होती ते मी कुणाला सांगू शकले नसते. झोपताना मी ती मांडी आठवायचे. पण ती त्या मुलीची होती. जन्मानंच तिची होती. माझी होण्यासाठी मला अजून काय करावं लागेल, याचाच विचार मी करायचे.

बाबा नाताळला आणि उन्हाळ्यात यायचे. येताना करवंदं, फणस, कधी मधाची बाटली. ओट्यावर बसून चहा प्यायचे, आत्तीशी पावसाबद्दल आणि रस्त्याबद्दल बोलायचे. मी त्यांच्या आसपास घुटमळायचे. आज म्हणतील, चल घरी, असं मला दर वेळी वाटायचं. ते म्हणायचे, "कामं करतीस न्हवं?" मी हो म्हणायचे. ते समाधानानं मान हलवायचे. मी बारावीत असताना छातीच्या दुखण्यानं ते गेले. त्या शेवटच्या आजारात त्यांना आत्तीच्याच दवाखान्यात आणलं होतं. मी त्यांच्या उशाशी बसायचे. एकदा त्यांनी माझा हात धरला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण खोकल्याची उबळ आली. मग ते बोलले नाहीत. ते काय बोलणार होते, हे मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला विचारत राहिले.

मी शिक्षिका झाले. महानगरपालिकेच्या शाळेत नोकरी लागली. लग्नाच्या गोष्टी आल्या नि गेल्या, आणि मी कदमवाडीत दोन खोल्या घेऊन राहिले. आत्तेबहीण लग्न होऊन पेठ वडगावला गेली आणि आत्ती निवृत्त झाल्यावर तिच्याकडंच राहायला गेली. मी दर शनिवारी वडगावला जायचे. रिकाम्या हातानं कधी गेले नाही. आत्तीची औषधं, भाचरांना खाऊ, बहिणीला ब्लाऊजपीस. गेल्यावर पदर खोचून स्वयंपाकघरात शिरायचे. बहीण म्हणायची, "तू पावणी म्हणून येतीस का कामाला येतीस?"

चर्चमध्येही माझं तेच होतं. संडे स्कूल माझ्याकडं. उपासनेच्या आधी सतरंज्या, प्रभुभोजनाच्या विधीची भांडी घासून पुसून ठेवणं, वेदीवरच्या कापडाला इस्त्री, नाताळच्या करंज्या, गाणाऱ्या मुलांची तालीम. मंडळीतल्या लोकांना माझं नाव कामाबरोबरच आठवायचं. पाळक व्यासपीठावरून कृपेबद्दल बोलत. देवाची प्रीती कमवावी लागत नाही, ती आधीच दिलेली आहे, आपण फक्त घ्यायची असते. मी मागच्या बाकावर बसून मान डोलवायचे आणि नजर मात्र कोपऱ्यातल्या जळमटांवर असायची. मुलांना मी तोच धडा दरवर्षी शिकवत होते, फार चांगला शिकवत होते. एका मुलीनं मला एकदा विचारलं, "बाई, मी काहीच चांगलं केलं नाही तरी देव माझ्यावर माया करंल?" मी ताबडतोब म्हणाले, "करेलच." तिच्याबद्दल मला खात्री होती.

माझी स्वतःची प्रार्थना म्हणजे दिवसभराच्या कामाचा अहवाल असायचा. आज हे केलं, त्या आजारी बाईंकडं जाऊन आले, अमुक राहिलं, उद्या करते. अहवाल संपला की मी थोडा वेळ थांबायचे. पलीकडून काहीतरी येईल असं वाटायचं. काय यावं हे मला सांगता आलं नसतं, पण वाट बघायची मला लहानपणापासून सवय होती. मग उठून दिवा मालवायचे.

तीन वर्षांपूर्वी नाताळच्या आधी चर्चच्या दारावर तारा बांधायचा होता. तरुण मुलं म्हणत होती, आम्ही लावतो. मी म्हटलं, तुम्हाला नीट जमत नाही, आणि स्टुलावर चढले. वायर ओढताना स्टूल कलंडलं. मी पाठीवर पडले. मणक्याला चीर गेली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, पण उठायचं नाही. कुशीवर वळायचं तरी कुणीतरी वळवायचं. निदान दीड-दोन महिने.

दिवसा एक बाई ठेवावी असं मी ठरवत होते, तेवढ्यात दुसऱ्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली आणि आत्ती उतरली. हातात काठी, खांद्याला पिशवी, ऐंशी पार केलेली. बहीण मागून डोक्याला हात लावत आली. "ऐकतच न्हाय गं ही. मी म्हटलं मी जाते, तर म्हणे तुला काय कळतं पेशंटमधलं."

"आत्ती, तू कशाला आलीस? तुलाच बघायला माणूस लागतं," मी म्हणाले.

"मला बघायला माणूस हाय की. तू हाईस, ही हाय," ती म्हणाली, आणि पिशवी ठेवून हात धुवायला गेली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात अवघड दिवस होते. दुखण्यामुळं नाही. आत्ती सकाळी माझं तोंड पुसायची, दात घासून घ्यायची, ओल्या कापडानं अंग पुसायची. तिचे हात थरथरायचे, पण कसब गेलं नव्हतं. चादर अशी सफाईनं काढायची की मला हलल्याचं कळायचं नाही. आमटीत भात कुस्करून चमच्यानं भरवायची. मी डोळे मिटून घ्यायचे. आणि शौचाचं भांडं तिनं माझ्याखाली सरकवलं त्या पहिल्या दिवशी तर मी ओरडलेच.

"तू नको करू हे! संध्याकाळी एखादी बाई बोलावू, मी थांबते तोपर्यंत."

"थांबतीस? पोट काय तुझ्या तारखेवर चालतंय?"

"आत्ती, मला लाज वाटते."

"लाज? जन्मभर अख्ख्या कोल्हापूरची भांडी उचलली मी. तुझं उचलायला काय झालं?"

तिनं काम उरकलं, हात धुऊन आली आणि खुर्ची ओढून बसली. मी रडत होते. रडतानासुद्धा पाठ दुखत होती, म्हणून धड रडताही येत नव्हतं.

नाताळ आला. माझ्या आयुष्यातला पहिला नाताळ, ज्यात मी काही केलं नाही. संध्याकाळी मुलं गाणी म्हणायला घरी आली, खिडकीत उभी राहून गायली. एक तरुण बाई आत येऊन म्हणाली, "सगळं छान झालं हं बाई. करंज्यासुद्धा झाल्या. तुम्ही काही काळजी करू नका." तिनं ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. ती गेल्यावर मी छताकडं बघत पडून राहिले. सगळं माझ्यावाचून छान झालं होतं. मग मी कशासाठी होते?

ते मी मोठ्यानं बोलले असेन, कारण आत्ती म्हणाली, "काय म्हणालीस?"

"काही नाही. आता मी कुणाच्या उपयोगाची नाही, एवढंच."

"कोण म्हणालं तुला उपयोगाची व्हायला?"

मग मी तिला सांगितलं. कळ्याच्या पुढं एसटीत बाबा जे बोलले होते ते, शब्द न शब्द. इतक्या वर्षांत मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आत्ती ऐकत राहिली. आधी तिला हसू आलं, मग ती चष्मा काढून पदरानं डोळे पुसायला लागली.

"येडा गं माझा भाऊ. येडाच होता. त्याला बोलायला कुठं यायचं?"

"पण खरंच होतं ते. तू एकटी कमवणारी, आणि त्यात मी येऊन पडले. त्यांनी मला तुझ्या गळ्यात घातलं."

"कुणी गळ्यात घातलं?" तिचा आवाज चढला. "तुला कुणी सांगितलं हे? तुझा बाप तुला द्यायला तयारच न्हवता. तुझी आई गेली तवा मी आलतो गगनबावड्याला. तू दाराआड उभारलीयास, केसांत जटा झालेल्या, आणि माझ्याकडं बघालीस. मी तवाच म्हटलं त्याला, ही मला दे. न्हाय म्हणाला. परत गेलो. परत न्हाय म्हणाला. म्हणाला, ही गेली की घरात राहिलं काय माझ्या? सगळा पावसाळा मी भांडलो त्याच्याशी. त्या वाटंनं गाड्या बंद पडायच्या, तरी जायचो. शेवटी म्हटलं, पोरगी एकटी क्वार्टरमध्ये, वर डोंगर खाली येतोय, कामावर तुझा जीव लागतो कसा? तवा गप्प बसला. मग रडला. माझ्या देखत एवढा मोठा माणूस रडला."

"त्याला भ्या असंल," ती पुढं म्हणाली. "तू काय गडबड केलीस तर मी तुला परत पाठवीन म्हणून. म्हणून तसं बोलला असंल."

"आणि केली असती गडबड तर?"

"तर काय? मागून घेतलेलं कुणी परत देतं व्हय?"

"मग मी एवढं सगळं केलं ते?"

आत्तीनं थोडा विचार केला. "ते तू केलंस. चांगलं केलंस. मला बरं वाटायचं. पर मी तुला त्याच्यासाठी आणली न्हवती की."

एवढं बोलून ती उठली, कारण दूध उतू जात होतं.

मी छताकडं बघत पडले होते, स्वतःला वळवता येत नव्हतं म्हणून तशीच पडून राहिले. मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. आधी एक मोठा पोकळपणा आला. मला नऊ वर्षांच्या त्या मुलीची फार आठवण आली. दारात भांडी घेऊन उभी राहणारी. तिला कुणीतरी हे सांगायला हवं होतं. ती मांडी तिचीच होती, ती फक्त जाऊन बसली नाही. आणि बाबांची आठवण आली. ते मला सोडून गेले नव्हते, त्यांना मला सोडवत नव्हतं. घाटातल्या त्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी परत येऊन दिवा लावणारा एकटा माणूस मला दिसायला लागला. त्याला मी एकदाही म्हणाले नव्हते की मला तुमची आठवण येते.

नाताळनंतरच्या रविवारी दुपारी पाळक प्रभुभोजन घेऊन घरी आले. मंडळीतल्या आजाऱ्यांकडं ते जात; त्या वेळी भाकर आणि प्याला नेहमी मीच बांधून देत असे. त्या दिवशी कुणी बांधून दिलं होतं कुणास ठाऊक. आत्ती डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत बसली. पाळकांनी प्रार्थना केली आणि भाकरीचा तुकडा पुढं केला. मी हात उचलला, पण तो पुरेसा वर येईना. पाळकांनी वाकून तो तुकडा माझ्या तोंडात ठेवला. प्याल्यातलं आत्तीनं चमच्यानं पाजलं. थोडं ओघळलं, ते तिनं पदरानं टिपलं.

हजारदा मी ते भोजन घेतलं असेल. हात पुढं करून, नीट, आधी भांडी घासून. त्या दिवशी माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. उठून गुडघे टेकता येत नव्हते, केस विंचरलेले नव्हते, अंगाला औषधाचा वास येत होता. मला वाटलं, आत्ती पावसातून पुन्हा पुन्हा गगनबावड्याला आली, ती कशासाठी, ते मला माहीतही नव्हतं. मी दाराआड उभी होते. माझ्यासाठी कुणीतरी भांडलं होतं आणि एसटीत मी तांदूळ निवडता येतात का ते आठवत होते. देवाचंही माझ्याबाबतीत असंच असेल, तर? ते 'तर' मी मनात धरलं. त्यापलीकडं जायची माझी हिंमत झाली नाही. पण त्या दुपारी पाळक गेल्यावर मी प्रार्थना केली तेव्हा सांगायला काहीच नव्हतं. आज काय केलं? काही नाही. मी म्हणाले, "मी आहे इथं." आणि गप्प राहिले. पलीकडून कुठलाही आवाज आला नाही. पण त्या गप्प बसण्यात मला घाई वाटली नाही.

मी हळूहळू उठले, काठीनं चालले, मग काठीशिवाय. आत्ती वडगावला परत गेली. पुढच्या उन्हाळ्यात ती झोपेतच गेली. त्याआधी एका शनिवारी मी तिच्याकडं गेले होते. उन्हं फार होती, वाटेत काही घ्यायचं राहून गेलं आणि मी रिकाम्या हातानं दारात उभी राहिले. बहीण माहेरवाशिणीसारखी पंख्याखाली आडवी झाली होती. आत्ती पलंगावर बसली होती. मी तिच्याजवळ गेले. तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं वय माझंही राहिलं नव्हतं, तिच्या मांडीत तेवढं बळही नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या खांद्याला डोकं टेकवलं. तिनं विचारलं नाही काय झालं म्हणून. दोघी बराच वेळ तशाच बसलो. बाहेर कुणीतरी आंब्याची गाडी ओरडत नेत होतं. तेवढंच मला मिळालं. उशिरा मिळालं, आणि फार थोडं मिळालं, असं आजही वाटतं.

संडे स्कूल आता दुसऱ्या बाईंकडं आहे. त्या माझ्याहून गडबड्या आहेत, मुलं त्यांच्या अंगावर चढतात. मी उपासनेला जाते, मधल्या बाकावर बसते. काही रविवारी पाळकांचं बोलणं थेट आत उतरतं आणि माझे डोळे भरून येतात. काही रविवारी मी पुन्हा जळमटं बघते, आणि उपासना संपताच उठून सतरंज्या गोळा कराव्यात म्हणून पाय शिवशिवतात. काही वेळा गोळा करतेही. जुनी सवय एवढ्या लवकर जात नाही.

मला अजून वाट बघावीशी वाटते, हे मी लपवत नाही. बाबांनी त्या खोकल्याच्या आधी काय बोलायला तोंड उघडलं होतं, ते मला कधीतरी कळेल, देवाच्या घरी का होईना, असं मी मनाशी धरून आहे. आत्तीची तर रोज आठवण येते, विशेषतः जेवताना. आणि देवाची ओढ पूर्वीपेक्षा कमी नाही, वाढलीच आहे. पूर्वी मला त्याच्याकडून शाबासकी हवी होती. आता त्याचा आवाज ऐकावासा वाटतो. तो मला ऐकू येत नाही, पण रोज सकाळी चहा झाला की मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते आणि म्हणते, मी आहे इथं. कधी पाच मिनिटं बसते, कधी शाळेला निघायची वेळ होईपर्यंत.